वलगावच्या वरातीतला ठेका

ठेका कसा चढवायचा, हे मला एका वरातीनं शिकवलं. साठ-एकसष्ट साली मी बडनेऱ्याच्या एका बँडात ड्रम वाजवायचो. वलगावला लग्न होतं. नवरदेवाचा थोरला भाऊ चार महिन्यांपूर्वीच गेला होता, त्यामुळे वरातीत कोणी नाचेना. नवरदेवाचे वडील आमच्या बँडमास्तरांना म्हणाले, "मास्तर, लग्न वाटूनच नाही राहिलं. पोरगं घोड्यावर मान खाली घालून बसलं."

आम्ही लय वाढवली, जोर लावला. लोक आणखीच गप्प झाले. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "एवढा काहून बडवून राहिला बे? त्याईले श्वास तं घेऊ दे."

मग त्यांनी एकटा ढोल सुरू केला, अगदी चालण्याच्या लयीत. हळूहळू लोकांची पावलं त्यावर पडू लागली. मग क्लॅरोनेट आलं, मग माझा ड्रम, आणि शेवटी सगळी पितळी वाद्यं एकदम उठली.

सगळ्यांत आधी नाचले ते वडीलच. नवरदेव घोड्यावरून उतरून त्यांच्या गळ्यात पडला, तेव्हा ते म्हणाले, "रडू नको बापू, नाच. त्याच्या वाट्याचंबी तूच नाच."

मुहूर्त टळतो म्हणून भटजी ओरडत होते. मास्तरांनी ठेका तोडू दिला नाही.