जळलेला दगड आणि शनिवारची गाडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या महापौर मिसेस डॉइग, सन्माननीय देणगीदार श्री. लॉर्न फेडोरुक, शेजारच्या गावाहून थंडीवाऱ्यातून आलेले रसायनशास्त्राचे प्रुडेन सर, उत्सवमूर्ती ओरिसियाबाई, आणि मी बनवलेल्या बर्फावर आजवर एकदा तरी आपटलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मागच्या खोलीतून कोबीच्या रोलचा वास येतोय, तेव्हा तुमचं लक्ष कुठे आहे ते मला कळतंय. ओरिसियाबाई आपली शनिवार-शाळा सोडून लेकीकडे पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरियाला चालल्या. तिथे म्हणे हिवाळ्यातही फुलं फुलतात. फुलू देत बापडी! सस्कॅचेवानच्या माणसाला तिथे करमेल का, हा माझा साधा प्रश्न आहे.

या बाईंनी केलं काय, ते नव्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या शाळेला रसायनशास्त्राचा शिक्षक मिळेना. तो विषय नसेल तर नर्सिंगचं कॉलेज दारात उभं करत नाही. प्रुडेन सर निवृत्त होऊन घरी बसले होते, पण त्यांच्या जुन्या शाळेची प्रयोगशाळा शनिवारी रिकामी असे. गाडी माझ्याकडे होती. पैसा लॉर्नकडे होता, कारण या जिल्ह्यात ट्रॅक्टर घ्यायचा तर त्याच्याच दुकानात जावं लागतं. म्हणजे पैसा एकीकडे, मास्तर दुसरीकडे, गाडी तिसरीकडे आणि पोरं भलतीकडेच. चांगल्या चांगल्या संस्था इथेच गळपटतात. बाईंनी सगळ्यांची मोट बांधली, आणि दर शनिवारी पोरं सरांकडे शिकायला जाऊ लागली.

आणि बांधली कशी? आपल्या कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळात, डाव संपला की जिंकणारे हरणाऱ्यांना पाजतात आणि दोन्ही संघ एकाच टेबलाला बसतात. बाईंनी हाच रिवाज शाळेला लावला. देणगीदाराला आभाराचं पत्र नाही, पोरांसोबत फोटो नाही. महिन्यातून एकदा यायचं आणि मास्तर, ड्रायव्हर, पोरं यांच्याबरोबर जेवायला बसायचं.

लॉर्नला याचा भयंकर कंटाळा. लॉर्न, तू माझ्या पाठीमागे बसलायस, तुझा चेहरा मला दिसत नाही, म्हणूनच एवढं बोलायची हिंमत होतेय. चेक घ्या आणि मला मोकळं करा, असं तो दर वेळी म्हणे. शेवटी एका वर्षी त्याने जाहीर केलं, की पुढची देणगी हॉकीच्या मैदानावर गुणफलक लावायला. वर त्याचं नाव, दिव्यांमध्ये!

शाळा बंद पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्यात कलिना यारेम्को शेवटच्या वर्षाला. पोरीच्या डोक्यात लहानपणापासून एकच, नर्स व्हायचं. रसायनशास्त्र अर्ध्यावर सुटलं असतं तर ती आज कुठल्या तरी दुकानात गल्ल्यावर असती.

त्याच हिवाळ्यात स्पर्धेची अंतिम फेरी लागली, लॉर्नचा संघ आणि ओरिसियाबाईंचा संघ. बर्फावर उतरताना लॉर्न म्हणाला, "ओरिसिया, जिंकलीस तर आणखी तीन वर्षं देतो. हरलीस तर गुणफलक."

बाई म्हणाल्या, "बरं." बस, तेवढंच. मला तर घाम फुटला, बर्फाच्या शेजारी उभा असून!

शेवटचा दगड बाईंचा. बरोबरीत डाव. दगड सुटला आणि तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावत होती कोण, तर कलिना. काय दगड होता तो! सरकत सरकत वर्तुळाच्या अगदी मधोमध जाऊन बसला. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी तर बाजूच्या माणसाला मिठी मारली, नंतर कळलं की तो लॉर्नचा मेहुणा.

आणि कलिनाने हात वर केला.

"माझा ब्रश लागला दगडाला," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. दगड जळला."

कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं नव्हतं, आणि माझी नजर बर्फावरून हलत नाही. पण आपल्या खेळात चालत्या दगडाला ब्रश लागला की तो जळला म्हणतात, आणि पंच शिट्टी वाजवत नाही, ज्याचा ब्रश लागला त्याने सांगायचं. दगड ठेवायचा की बाद करायचा, हा निर्णय समोरच्या कप्तानाचा. लॉर्नने दगडाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि दगड बाजूला सारला. वर्तुळात उरला तो त्याचाच दगड, डाव त्याने जिंकला. त्याचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. पण त्या क्षणी मला त्याचा मनापासून राग आला होता, हे आज सगळ्यांसमोर सांगतो. बाईंनी कलिनाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल, जेवायला."

आता रिवाजच असा, की जिंकलेल्या लॉर्नला हरलेल्यांना पाजून त्यांच्याच टेबलाला बसणं भाग होतं. समोर कलिना, रडून डोळे सुजलेले. तो ग्लास फिरवत होता. मग म्हणाला, "पोरी, कुणालाही दिसलं नव्हतं. गप्प का नाही बसलीस?"

ती म्हणाली, "फेडोरुककाका, उद्या माझ्या हातून कुणाला औषध जास्त गेलं, तर तेही कुणाला दिसणार नाही."

लॉर्नने ग्लास खाली ठेवला. त्याआधी महिनाभरच त्याच्या बायकोच्या, मार्गारेटच्या छातीत रात्री कळ आली होती. नर्स नाहीत म्हणून आपल्या दवाखान्याला संध्याकाळीच कुलूप लागायचं, आणि तिला घेऊन तो वादळातून दोन तास गाडी हाकत शहरात गेला होता. मार्गारेट वाचली, ती बघा समोर बसलीय. पण ते दोन तास लॉर्न विसरलेला नव्हता.

गुणफलक लागला. शब्द म्हणजे शब्द, लॉर्न माघार घेत नाही. पण पुढच्या शनिवारी सकाळी मी गाडी काढायला गेलो, तर हा माझ्या दारात आपली मोठी गाडी घेऊन उभा. शाळेसाठीचा चेक खिशात होताच. म्हणाला, "वॉली, तुझ्या खटाऱ्यातून पोरं नेतोस? उतर खाली." तेव्हापासून जेवायला बसायचा कंटाळा असलेला हा माणूस दर शनिवारी चार बडबड्या पोरांची गाणी ऐकत प्रुडेन सरांकडे जातो. आता मलाच कधी गाडी चालवायला मिळत नाही, ही माझी जाहीर तक्रार आहे!

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, मिळाला इशारा. आपण सगळ्यांनी माझी बडबड ऐकून घेतलीत, फार उपकार झाले. बर्फ बनवणारा माणूस मी, बोलण्याची सवय नाही. कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाला बोचलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या.

फक्त एक निरोप पोचवायचाय. कलिना आज आली नाही, कारण तिला कामावर रजा मिळाली नाही. ती आणि आपल्याच शनिवार-शाळेच्या आणखी दोन मुली आपल्या दवाखान्यात रुजू झाल्यात, आणि सोमवारपासून दवाखाना रात्रभर उघडा राहणार आहे. ओरिसियाबाई, तुम्ही निर्धास्त जा. या गावात आता रात्रीसुद्धा आजारी पडायला हरकत नाही.