पीळ नाही म्हणजे सपाट

…दार नुसतं लोटून घ्या मावशी, कडी नको — कडी लावली की लोकांना वाटतं आत काय चाललंय, आणि आत काय, तर एक बाई पाजतेय, झालं. त्या खडूच्या खोक्यावर बसा. द्या त्याला इकडे. अगंबाई, किती गरम लागतोय, की माझेच हात गार आहेत? माझेच असतील, सकाळपासून गार आहेत. ओढतोय ना नीट? मला रोज वाटतं दूध पुरत नाही, याला सांभाळणाऱ्या तुम्ही रोज सांगता पुरतं, आणि मी रोज तुमच्यावर विश्वास ठेवत नाही — शिकलेल्या बाईचं असंच असतं, पुरावा लागतो.

शेजारी ना? खुर्च्या लावतायत. बारा वाजता थोरलीची तोंडी परीक्षा. म्हणजे प्रबंध लिहून झाला की बाहेरचे परीक्षक येतात, फळ्यापुढे उभं करतात आणि वाटेल ते विचारतात. सरांच्या हाताखाली आम्ही दोघीच, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी — सवती असल्यासारख्या. सरच म्हणतात आणि सरच हसतात. माझं मागच्या वर्षी झालं, हा पोटात असताना. तिचं आज. तिचं आज झालं तर सोमवारी मुलाखतीला आम्ही दोघी, कायमची जागा एक. नाही झालं, तर मी एकटी. मी काही म्हणत नाहीये, नुसतं सांगतेय.

तिचं होणार नाही. — नाही, आजारी कशानं असेल, ठणठणीत आहे. प्रबंधात चूक आहे. कसली ते तुम्हाला काय सांगू — बरं, ते भिंतीवरचं घड्याळ बघा. काटा चार तास पुढे न्या, परत चार, परत चार. कुठे आला? होता तिथेच. म्हणजे चार तास ही चांगली खरीखुरी वस्तू, शून्य नव्हे, पण तिनानं गुणली की संपली. अशा वस्तूला आम्ही टॉर्शन म्हणतो. पीळ म्हणा. ज्या ढिगात अशी एकही वस्तू नाही — मॉड्यूल म्हणतात, तुम्ही ढीग म्हणा — तो बिनपिळाचा. आता सपाट. दोन ढीग एकमेकांना जोडायची आमची एक रीत असते. सपाट ढीग म्हणजे असा की त्याच्याशी काहीही जोडा, आधी ज्या गोष्टी वेगवेगळ्या होत्या त्या नंतरही वेगवेगळ्याच राहतात, एकीत दुसरी विरघळून जात नाही. सपाट असला तर पीळ नसतोच. आणि उलट? पीळ नाही म्हणजे सपाट? साध्या पूर्णांकांवर, हो. एकच चल असेल, एकटा एक्स, तरी हो. वर्गात आम्ही जन्मभर तेवढंच शिकवतो, हाताला सवय लागते. पण एक्सच्या शेजारी वाय येऊन बसला की खोटं. साफ खोटं.

थोरलीचा अख्खा प्रबंध दोन चलांचा, आणि एकतिसाव्या पानावर लिहिलंय, यात पीळ नाही म्हणून हा सपाट. पुढची ऐंशी पानं त्या एका ओळीवर उभी आहेत.

कळलं कसं म्हणजे, वाचायला तिनं मलाच दिला होता की. एका हातानं पाळणा हलवत वाचला. आधी वाटलं मीच चुकतेय — बाळंतपणात म्हणे डोकं निम्मं होतं, माझं मुळात निम्मं, म्हणजे उरलं किती. म्हणून उदाहरण करून बघितलं. एक्स आणि वाय यांनी बनलेला ढीग घेतला. त्यात कुणी मरत नाही, म्हणजे शून्य होत नाही, शून्य सोडून कशानंही गुणा. मग तो त्याच्याशीच जोडला. एक्स आधी वाय नंतर, वाय आधी एक्स नंतर — यांची वजाबाकी केली. शून्य नाही. एक्सनं गुणली. शून्य! जिथे कुणी मरत नव्हतं त्याच्यात मरणारं निघालं, नुसतं जोडल्यानं — म्हणजे पीळ नव्हता, तरी सपाट नाही. डायपरच्या खोक्यावर चार ओळींत केलं, आणि इतकं देखणं आलं की परत एकदा केलं. मग तिला फोन करून सांगितलं, छान जमलंय गं.

तसं बघू नका. चूक तिची आहे. आता ती ओळ तिनं माझ्या वहीतनं घेतली, हे खरं. पण माझी वही एका चलाची, त्यात ते बरोबरच आहे. पहिल्याच पानावर चौकट करून लिहिलंय, या वहीत सगळीकडे चल एकच. तिला झेरॉक्स दिल्या त्यात ते पान नव्हतं, एवढंच. यानं दूध ओकलं होतं त्या पानावर, चिकट झालं होतं, म्हणून काढून ठेव —

काय? नाही, वही दिली तेव्हा मला सातवा चालू होता. हो, म्हणजे हा तेव्हा… दुसरं काहीतरी सांडलं असेल. पाणी. मला काय आठवतंय, मावशी. तुम्ही पण ना, वकिलासारखं धरता.

— ये ना, ये, आम्हीच आहोत. झोपला नाही अजून, नुसता चाळा चाललाय. अगं किती घाबरतेस, तुझ्या ओठाला बघ खडू लागलाय, पूस. हो, वाचलंय की मी सगळं, अक्षर न् अक्षर. एकतीस? त्याचं काय, ते तर साधंच आहे. मी असते ना मागच्या बाकावर. घे पापा त्याचा आणि जा. बघ रे बाळा, ही मावशी आईसारखी तुला —

गेली. कान कसे लाल झाले होते बघितलंत? माझ्या रजेत पाच महिने माझे सगळे तास तिनं घेतले. मी मागितले नव्हते, आपणहून घेतले, म्हणून तर तिचं लिहायचं मागे पडलं. रोज वर्गावरनं थेट घरी यायची, याला अंगठ्याएवढा असल्यापासून धरलाय तिनं, माझ्याकडे रडायचा आणि तिच्याकडे गप्प. कुणी इतकं चांगलं वागायचं काही कारण असतं का? मला रात्रंदिवस वाटायचं, मी काहीच धड करत नाही, ना आई ना बाई. हे मात्र मी धड केलं.

परीक्षक विचारणारच. मघाशी चहाला मीच म्हटलं, मला बाई एकतिसावं पान कळलं नाही, मी मठ्ठ. त्यांनी लगेच पान दुमडलं.

आता? आता सांगून काय होतं — होतं म्हणा. सुरुवातीलाच ती उठून म्हणाली, हा ढीग सपाट आहे असं मी गृहीत धरतेय, की निम्मा प्रबंध वाचतो. पदवी मिळते. एक वाक्य. दहा मिनिटं आहेत अजून, एका वाक्याला पुष्कळ झाली. पण तिला सुचायला हवं.

कुठे निघालात? बसा. — तुम्ही? तुम्ही काय सांगणार तिला, दोन चल काय असतात ते? परत म्हणून दाखवा बघू. …हं. बरोबर म्हणालात. पान पण लक्षात आहे. मी समजत होते तुम्ही नुसत्या हूं हूं करताय.

तिनं लावून दिलं होतं ना तुम्हाला माझ्याकडे? विसरलेच होते.

नाही, बसा. इथेच बसा, बारा वाजून पाच होईपर्यंत. रडला तर रडू दे. दाराला पाठ लावून उभी आहे मी, मला ढकलाल का, कडेवर पोर असताना? …नाही ना.

ऐका, खुर्च्या थांबल्या. बसले सगळे, तिचं बोलणं सुरू झालं.

आता जा. पिशवी घ्या, त्याची झबली राहू देत. आणि उद्यापासून येऊ नका.