मामा, दुखणार नाही

परवा बाबूमामाला नसांच्या तपासणीसाठी नांदेडला नेलं, ते काही डोक्यातून जात नाही बघा. मामा म्हणजे आमच्या कळमनुरीच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला. उजव्या हाताची बोटं बधिर होत चाललेली.

मी बंगळुरूला शिकून परत आलेला. आपल्या माणसांना सगळं समजलंच पाहिजे, हा माझा हट्ट. वारंगा फाट्यापासून बसमध्ये सुरू झालो. "मामा, कातडीला तारा चिकटवतात, हलका करंट देतात. नस किती जोरात काम करते ते मशीन मोजतं. हा इलाज नाही, नुसती तपासणी. दुखणार नाही."

मी जितकं समजावलं, तितका मामा उजव्या हाताची बोटं चोळत गेला.

तपासणीवाल्या मॅडमनी आधी डाव्या, चांगल्या हाताला करंट दिला. मामा दचकला, पण ठीक होता. उजवा हात पुढे करायची वेळ आली, तेव्हा मात्र त्यानं तो मागे ओढला.

"मामा, काहून भिऊन राहिलात? दुखणार नाही म्हटलं ना."

"तेच तर भेव हाय, लेकरा. सकाळपासून तू तेच सांगून राहिला. न्हाई दुखलं, तर हात मेला म्हणायचा."



मॅडमनी मनगटावर झटका दिला. अंगठा आपोआप उडाला आणि मामा कळवळला.

"सॉरी काका," मॅडम म्हणाल्या. "बाकी रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील."

"सांगू द्या, बाई," मामा डोळे पुसत म्हणाला. "तेवढं मनगटावर आणखी एकडाव द्या."