टेकडी सरकारजमा

(वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोर्टाचा व्हरांडा. जिनसेंग या औषधी झाडाची मुळं खणून विकणारा हॉबर्ट, त्याची बायको वर्ना आणि कोर्टानं नेमून दिलेल्या वकीलबाई, मिस प्रुइट.)

प्रुइट : पुन्हा एकदा सराव करू. मी न्यायाधीश. सरकारी जंगलातून जिनसेंग काढून विकलंत?

हॉबर्ट : आईनं लावलेलं होतं ते. मूळ काढलं की लाल बी तिथंच पुरायचं, ही आमची रीत...

प्रुइट : हॉबर्ट, नुसतं 'हो'.

हॉबर्ट : हो.

प्रुइट : गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी, या सरकारी वकिलांशी केलेल्या करारात ट्रक, फावडी आणि घरामागची टेकडी सरकारजमा होईल. मान्य?

हॉबर्ट : हो.

वर्ना : टेकडी कशाला? ती आपली आहे! पाण्याचा झरा तिच्यावर, ती गेली तर राहायचं कसं?

प्रुइट : चोरीची मुळं तिथं वाळत घातली, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. खरं सांगू? या गुन्ह्याला जमीन घेता येते असं कायद्यात कुठंच नाही.

वर्ना : मग करारात कशी आली?

प्रुइट : त्यांनी घातली. आपण सही केली की झालं.

वर्ना : वरच्या कोर्टात जाऊ की!

प्रुइट : अपील करणार नाही, हेही त्याच करारात आहे. जप्ती बेकायदा असेल तर सही केल्यावरही दाद मागता येते, असं काही कोर्टं म्हणतात. आपलं म्हणेलच, याची खात्री मी देत नाही.

वर्ना : म्हणजे त्यांनी लुटायचं आणि बोंब मारणार नाही असं आपण लिहून द्यायचं? हॉबर्ट, मिठाची गुळणी धरलीस का?

हॉबर्ट : होऊन जाऊ दे गं एकदाचं.

प्रुइट : आत बोलावतील आता. शेवटचा प्रश्न. सही करावी म्हणून कोणी धमकी दिली?

हॉबर्ट : ...

वर्ना : म्हण ना 'नाही'. तुला कोण धमकी देणार? ...हॉबर्ट?

हॉबर्ट : बाई, हिला जरा लांब पाठवा.

वर्ना : मी हलायची नाही. बाई, तुम्ही सांगा.

प्रुइट : हॉबर्टनीच मला मनाई केलीय.

हॉबर्ट : सही नाही केली तर तुला आरोपी करणारेत. मुळं बाजारात तू विकायचीस ना.

वर्ना : आणि हे तू पोटात ठेवलंस?

हॉबर्ट : तुला तुरुंगात बघवणार नाही मला. टेकडी गेली तर गेली.

वर्ना : आता गप्प बसलास ना, तसाच आतही बस. का गप्प, असं विचारलं तर मला सांगितलंस ते सांग.

प्रुइट : वर्नाबाई, करार मोडेल. ते खरोखर तुमच्यावर खटला भरतील. भीती नाही वाटत?

वर्ना : वाटते की. पण बोंब मारणार नाही, अशा कशावरच मी अजून सही केलेली नाही.