आक्काच्या दोन मापांचा जोड

माझा जन्म निपाणीचा, तंबाखूच्या वासातला. आई विड्या वळायची, तिच्या मांडीशी बसून आम्ही दोघी बहिणी वळायला शिकलो, थोरली आक्का आणि मी. लहानपणीच्या तापानं आक्काचा डावा पाय आखूड राहिला, आई सांगायची, शेवग्याच्या शेंगेसारखा बारीक. तो ती सदा लुगड्याखाली झाकून बसायची, मलासुद्धा कधी बघू दिला न्हाय. लग्न होऊन मी बेळगावला कॅम्पात आले, पुढं आक्कालाही माझ्याकडंच आणलं. बाजारातला मोजा तिला कधी बसला न्हाय, उजव्याला घट्ट, डाव्याला लोंबता. यंदाच्या थंडीत लुगड्याखाली पाय चोळत बसलेली ती बघवेना, म्हटलं, मीच विणते.

शेजारी फौजीची पहाडी बायको हाय, तिनं मला पाच सुया हातात दिल्या. काय सांगू बाई तुम्हाला, या बोटांना पंचवीसचीच सवय, पंचवीस विड्या झाल्या की जुडीला दोरा! तसं पंचवीस टाके झाले की बोटं आपसूक गाठ मारायची. तीनदा उसवलं. पहाडीण हसून म्हणायची, दीदी, मोजा बुन रही हो या बीडी का बंडल?

पण माप कसं घ्यायचं? विचारलं तर आक्का म्हणणार, माझ्या पायाचं तुला काय करायचंय गं, गप बस. एके सकाळी ती न्हाऊन आली आणि शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं उमटली, एक भरलेलं, एक एवढंसं. म्हटलं, हेच माप! खिडकीतलं ऊन फरशीवर सरकत होतं, पावलं कडेकडेनं वाळत चाललेली, टेप कुठला सापडायला. धावत जाऊन ट्रंकेतला पत्र्याचा फर्मा काढला, ज्यानं जन्मभर विडीची पानं कापली तो, आणि ओणवी होऊन मोजलं. उजवं चार फर्मे, डावं तीनलाही जरा कमी. मोजून वर बघते तो फरशी कोरडी!

लोकर घेतली हिरवी, शेतातल्या तंबाखूच्या पानासारखी. काल संध्याकाळी जोड आक्काच्या हातात दिला. एक थोरला, एक धाकटा, दोन्ही तिनं चाचपले आणि तोंड फिरवलं. म्हणाली, म्हंजे तू बघितलास माझा पाय. मी म्हटलं, न्हाय गं आक्का, फरशीनं बघितला, मी नुसता मोजला. आता जोड फेकती काय, असं वाटलं. मग भिंतीकडं तोंड करून तिनं घातले, आणि टाच बसली बाई, नेमकी बसली!

आज सकाळपासून दारातल्या उन्हात बसलीय, लुगडं घोट्याच्या वर ओढून, दोन्ही पाय पुढं करून. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगते, व्हय, धाकटीनं विणलेत, दोन मापांचे हायत, नीट बघा. मला म्हणते, आता लाल कर. डोळे अधू झालेत माझे, पण बोटं चालतील तोवर करीन की. तुम्ही जाताना तिचे पाय बघून जावा बाई. वाट बघत बसलीय ती.