टॅमचा पट्टा

अरे ऐका ना, आज ओबानला बुटाची टाच बसवायला त्या म्हाताऱ्या कॅलमकाकांच्या दुकानात गेले, तर माझ्यापुढे मर्डो आणि त्याची आई. परवा वारलेल्या त्याच्या बाबांना अकराला दफनभूमीत पोचवायचं होतं. मर्डो किल्ट, तो चौकड्यांचा स्कॉटिश घागरा, घालून तयार, पण हातात बाबांचं स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे लटकते ना ती चामड्याची पिशवी. तिचाच कमरेचा पट्टा तुटलेला.

"काका, नवा पट्टा द्या."

"चाळीस पौंड. तोही गुरुवारी येईल."

"गुरुवारी काय करू? आज शवपेटी खड्ड्यात उतरवायची पहिली दोरी, मुलगा म्हणून, माझ्या हातात असणार. बाबांच्या स्पोरनशिवाय नाही धरणार मी."

"मग हा घ्या कॅलम," आईनं पिशवीतून कुत्र्याला फिरवायचा लांब पट्टा काढला. "टॅमचा आहे, चांगलं चामडं आहे. मागून कोटाखाली जातो, कुणाला कळतंय कुत्र्याचा आहे ते?"

"आई, मग टॅमला कशानं फिरवायचं?"

"फिरवणार कोण? माझे गुडघे हे असे. तू उद्या चाललास ग्लासगोला."

"झालं. आजही तेच."

"मग कधी बोलू? घरी राहायला ये म्हटलं, की वर्षभर फोनवर नुसतं 'बघू, बघू'."

"मर्डो, हा फार लांब आहे रे. कापावा लागेल."

"कापा कॅलम. घरी खुंटीवर टांगून तरी काय करायचाय?"

"थांबा काका."

"साडेदहा झाले, मर्डो."

"कापू नका. दुमडा आणि नुसती भोकं पाडा. संध्याकाळी टॅमला फिरवायला लागेल मला. आणि उद्याही."