अकरा फोटोंतला निळा डाग

— हो हो, तीच. हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेली निळी फ्रेम. तुमच्या आई म्हणाल्या ना, "किती सुंदर आकाशगंगा!" — सांगते, आधी बसा त्या टाकीवर. मोठ्यांनी "गच्चीत जाऊन बोलून घ्या" म्हणून पाठवलंय, तर निदान मी तरी बोलते. तुम्ही काय भूपेश, मुलगी बघायला चांदीपहून नालासोपाऱ्यात आलात आणि एकच वाक्य बोललात — "काम काय करता?" तर काम हे. वर अवकाशात दुर्बीण आहे, ती अतिनील प्रकाशात फोटो काढते — तो प्रकाश बराचसा हवेतच अडतो, म्हणून वर. पण दुर्बीण हलते, प्रकाश थेंब-थेंब, एकेक फोटो म्हणजे नुसती धूळ. मी काय करते? एक ठळक तारा धरायचा आणि हजारो फोटो एकावर एक बसवायचे. कॅमेऱ्यातली घाण फिकी पडते, खरं असेल ते उजळत जातं. गेल्या महिन्यात एक डाग घाण समजून पुसला — अख्खी दीर्घिका, म्हणजे दूरची आकाशगंगा, निघाली! सरांनी असं झापलं — तेव्हापासून तपासल्याशिवाय काही पुसत नाही.

तर तुमचा बायोडेटा आला. फोटो इतका गुळगुळीत, नाकसुद्धा फिल्टरमध्ये विरघळलेलं. म्हटलं, क्वालिटी सुधारूया. तुमच्या बहिणीच्या लग्नातले अकरा फोटो उचलले — पब्लिक होते, असे बघू नका — आणि तुमचं नाक धरून एकावर एक बसवले. चार दिवस लागले. म्हणजे चार दिवस तुम्हाला बघत नव्हते हां, डेटा होता तो. हसू बरं आहे, एवढंच. आणि डाव्या खांद्याशी निळा डाग. अकरा फोटो, अकरा वेगळे मोबाइल, डाग तिथेच. म्हणजे घाण नाही. मूळ फोटोंत झूम केलं — निळ्या ड्रेसमधली मुलगी. आणि तुमचं हसू? ती जितकी जवळ, तितकं जास्त.

हो, फ्रेममध्ये तोच — नुसता धूसर डाग मोठा करून छापलेला. माझ्या आईला आकाशगंगा म्हणून सांगितलं, तिने कौतुकाने लावली. — पाणी प्या.

छे, खाली नाही सांगणार मी. पुसता आली असती ती मुलगी, दोन मिनिटांचं काम. एकदा पुसलीसुद्धा. मग फोटोत कसे दिसायला लागलात माहितीये? बायोडेटासारखे. परत आणली.

साडी? आईची आहे. तुमच्यासाठी मुद्दाम नाही नेसले काही.

फोन वाजतोय तुमचा. तिसऱ्यांदा. उताणा ठेवलात तर नाव दिसणारच ना — कॅथरिन. हीच निळ्या ड्रेसवाली? हं. म्हणून तुमच्या आईंना सांगितलं नाहीत होय. चला, उठा. आज सांगा त्यांना. आणि जाताना ती फ्रेम काढून न्या. खिळा राहू द्या — तिथे खरी आकाशगंगा लावते मी.